आत्याची चप्पल आणि बी-१२

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बी-१२ या व्हिटॅमिनवर, पण आधी माझ्या आत्याच्या चपलेची गोष्ट ऐका, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

आत्या पंचवटीत राहते. माळकरी आहे, ३५ वर्षं झाली माळ घालून. रोज सकाळी रामकुंड, मग काळारामाचं दर्शन, मग घर, पाऊस असो नाहीतर कडाक्याची थंडी. तर एक दिवस ती घरी आली आणि सुनेनं दारातच विचारलं, अहो आई, एक चप्पल कुठंय? आत्यानं खाली बघितलं, डावा पाय उघडा! तळव्याला चिखल, बारीक खडे रुतलेले, आणि हिला पत्ताच नाही. चप्पल सापडली पार घाटाच्या पायऱ्यांपाशी, म्हणजे सगळा रस्ता बाई एका पायानं अनवाणी चालत आली आणि पायाला कळलंच नाही.

त्याच्या आधीपण बरंच चाललेलं. आमटीत दोनदा मीठ, हरिपाठ म्हणताना मध्येच अडकायची, सख्ख्या नातवाला दुसऱ्याच नावानं हाक. चिडचिड तर एवढी वाढली की सून बिचारी रडकुंडीला आलेली. आणि आम्ही सगळे काय म्हणायचो? वय झालं. ६४ हे काय वय आहे का हो? मला या शब्दाचा फार राग येतो, बाईमाणसाचं काहीही दुखलं की वय झालं म्हणून मोकळे.

चप्पल हरवल्यावर मात्र मी तिला डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी एक लोखंडी चिमट्यासारखं तळहातावर आपटून तिच्या घोट्याच्या हाडाला टेकवलं, कंप जाणवतोय का? आत्या म्हणाली, टेकवलंय एवढं कळतंय. मग म्हणाले पाय जुळवून उभ्या राहा, डोळे मिटा. डोळे मिटले आणि बाई अशी डुलायला लागली की मी खांदा धरला. रिपोर्ट आला, बी-१२ फक्त ११०. साधारण २०० च्या खाली गेलं की कमी धरतात.

आता हे कशानं झालं ते थोडक्यात. बी-१२ तयार करतात जिवाणू, आणि आपल्याला ते मिळतं मटण-मासे-अंडी-दूध यातनं. पालक, मेथी, कडधान्यात ते नाही. तुपातपण नाही, तूप म्हणजे नुसता स्निग्धांश. इडली-ढोकळा आंबवलेला असला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नका. म्हणजे शाकाहारी माणसाला राहिलं काय, दूध-दही-ताक-पनीर. परत सांगते, दूध-दही-ताक-पनीर. आणि आत्यानं दही सोडलं गुडघे दुखतात म्हणून, दुधाचा चहा सोडून कोरा घ्यायला लागली ॲसिडिटी होते म्हणून, वर रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, कितीतरी वर्षं, स्वतःच्याच मनानं. पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटतच नाही. शुगरच्या मेटफॉर्मिनवाल्यांनीपण लक्ष ठेवा. लिव्हरमध्ये साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि मग नसांवरचं आवरण खराब व्हायला लागतं, वायरीवरचं प्लॅस्टिक निघावं तसं.

दिवसाला लागतं किती, तर २ मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. एवढुसं! पण घरात दूध आधी पोरांना, मग पाहुण्यांच्या चहाला, आणि जी बाई ते तापवते तिच्या वाट्याला भांड्याला चिकटलेली साय. हे बंद करा बरं का.

मटण खा असं मी म्हणत नाहीये, आत्याची माळ आजही गळ्यात आहे. गोळी मिळते, इंजेक्शन मिळतं, गोळीतलं बी-१२ पण जिवाणूंकडूनच करून घेतात. दूधही न घेणाऱ्यांना तर गोळीशिवाय गत नाही. फक्त नुसती फॉलिक ॲसिडची गोळी मनानं चालू करू नका, रक्त सुधारलेलं दिसतं आणि आतल्या नसा बिघडत राहतात. मुंग्या, तोल जाणं, विसरणं, जीभ सोलल्यासारखी होणं, असलं काही असेल तर वय म्हणू नका, आधी तपासा. वय म्हणू नका, आधी तपासा.

आत्याला ती डाळिंबाच्या रसासारखी लालभडक इंजेक्शनं झाली, दोनेक महिन्यांत हरिपाठ सलग म्हणायला लागली, नातवाला बरोबर नावानं हाक मारते. पण डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, डॉक्टर म्हणाले यायला उशीर झाला. दीड वर्ष आम्ही वय झालं म्हणत बसलो होतो.