एकाच एलडॅपवर दोन डोमेन

सकाळच्या सत्रात ओपनएलडॅप, म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारा एलडॅप सर्व्हर, बसवून तुम्ही एक डोमेन उभं केलंत. आता व्यवस्थापन म्हणतं, संस्थेचं दुसरं कॉलेजही याच सर्व्हरवर घ्या. नवा सर्व्हर मागून काय होतं, ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

डोमेनचं नाव एलडॅपमध्ये तुकडे करून लिहितात. एक्झाम्पल.इन असेल तर डीसी=एक्झाम्पल, डीसी=इन. ही पद्धत १९९८ च्या आरएफसी २२४७ या इंटरनेट मानकातली. ओपनएलडॅपच्या भाषेत हा सफिक्स, म्हणजे झाडाचं खोड. दुसऱ्या डोमेनला दुसरं झाड लावायचं: स्वतंत्र डेटाबेस, स्वतंत्र फोल्डर, स्वतंत्र रूटडीएन (त्या डेटाबेसचं सर्वाधिकारी खातं). फोल्डर आधी तयार करा आणि त्याची मालकी एसएलएपीडी, म्हणजे ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्रॅम, ज्या युजरखाली चालतो त्याला द्या. नाहीतर सीएन=कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये, नोंद घालताना ‘इनव्हॅलिड पाथ’ म्हणून तो तोंडावर दार लावतो. आणखी एक, एमडीबीची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या डेटाबेसची, कमाल मर्यादा मुळात फक्त १० एमबी असते. ती आत्ताच वाढवा, नाहीतर ऐन प्रवेशाच्या दिवसांत ‘मॅप फुल’ दिसेल.

इथपर्यंत सोपं आहे. मी फसलो तो पुढे.

परवानग्यांचे नियम प्रत्येक डेटाबेसचे वेगळे असतात. पहिल्याचे तुम्ही जपून लिहिलेत, नव्याची पाटी कोरीच. आणि ना डेटाबेसला ना वरच्या पातळीवर, कुठेच नियम नसेल तर ओपनएलडॅप लिहू देतो फक्त रूटडीएनला, वाचू देतो मात्र कुणालाही. एका संस्थेत मी असंच दुसरं डोमेन जोडलं. लॉगिन चालली, चहा घेतला, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने पासवर्ड न देता एलडॅपसर्च (एलडॅपमध्ये शोधायची कमांड) चालवला. स्क्रीनवर युजरपासवर्ड, पुढे दोन कोलन, आणि ई-१-एनटीएसईएफ-९ ने सुरू होणाऱ्या ओळींवर ओळी. दोन कोलन म्हणजे पुढचा मजकूर बेस६४ या साध्या, कुणालाही उलगडता येणाऱ्या लिपीत आहे. ती सुरुवात उलगडली की महिरपी कंसात ‘एसएसएचए’ हे हॅशच्या पद्धतीचं नाव निघतं. अख्ख्या कॉलेजचे हॅश, म्हणजे पासवर्डची गुंतवलेली रूपं! तेव्हापासून नवा डेटाबेस जोडला की माझी पहिली चाचणी लॉगिनची नसते, निनावी सर्चची असते.

दुसरी तक्रार येते ती ‘नवीन पोरं दिसत नाहीत’ ही. सर्व्हर ठीक असतो. अ‍ॅपमध्ये सर्च बेस, म्हणजे शोध जिथून सुरू होतो ती जागा, एकच दिलेला असतो आणि सर्च त्या झाडाबाहेर जात नाही. नवं नाव जुन्याच्या पोटात बसत असेल, उदाहरणार्थ कॉलेज.एक्झाम्पल.इन, तर त्या डेटाबेसला ओएलसीसबॉर्डिनेट ही सेटिंग लावा, म्हणजे वरून केलेला सर्च खालीही उतरतो. फक्त क्रमात पोटातला डेटाबेस आधी, मोठा नंतर. नावांचा एकमेकांशी संबंधच नसेल तर अ‍ॅपला दोन बेस द्यावे लागतात. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या अ‍ॅपमध्ये ते अर्धविराम टाकून देता येतात.

पण मग ‘एसपाटील’ दोन्ही कॉलेजांत निघतो. निघतोच, आपल्याकडे पाटलांना काय तोटा! म्हणून लॉगिनला यूआयडी (‘एसपाटील’सारखं छोटं नाव) न घेता पूर्ण ईमेल पत्ता घ्या, आणि तेही पहिल्याच दिवशी. मी एकदा हे शैक्षणिक सत्राच्या मध्यावर बदललं होतं. पुढचे दोन आठवडे माझा फोन खाली ठेवता आला नाही.