मोराचा डोळा

(भद्रावती पेठ, सकाळची वेळ. आधी मागांचा आवाज, मग चित्र.)

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र लगेच कळतं, वीज गेली. याच खटखटीत मी दहावीचा अभ्यास केला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि खालच्या मजल्यावर अण्णांचे चार माग. पुढे मी रेण्वीय जीवशास्त्र शिकले आणि सहा वर्षं उंदरांच्या जनुकांवर काम केलं. "तू नेमकं करतेस काय?" हा अण्णांचा प्रश्न दर सुट्टीत ठरलेला, आणि दर वेळी माझी गाडी अर्ध्यात अडायची. शेवटी उत्तर त्यांच्याच मागावर सापडलं.

(जॅकार्ड जवळून. पुठ्ठ्यांची माळ सरकते आहे.)

मागाच्या डोक्यावर बसलेली ही जॅकार्ड. भोकं पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकतात. पुठ्ठ्यावर जिथं भोक आहे, तिथला हुक उचलला जातो. हुकाला दोऱ्या, दोऱ्यांना ताण्याचे म्हणजे उभे धागे. धागे वर गेले की त्यांच्याखालून धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन पळतो. एक पुठ्ठा, एक ओळ. अशा शेकडो ओळींनंतर चादरीवर मोर उभा राहतो. आणि एका हुकाला दोरी एकच नसते. रुंदीत सहा मोर असले, तर तोच हुक सहाही मोरांमध्ये आपापल्या जागचा धागा उचलतो.

अण्णांनी माग बंद केला, वर चढले आणि शेजारशेजारच्या चार हुकांच्या दोऱ्या सोडल्या. खाली येऊन म्हणाले, "आता बघ, काय जातंय ते."

वीतभर कापड विणून झालं. सहाही मोर आंधळे.

मी म्हटलं, "म्हणजे अण्णा, हे डोळ्याचे हुक."

"डोळ्याचे कसले? खाली किनारीला बघ की. पानाचा शेंडा पण गेलाय. मोर संपला की हेच हुक वेल उचलतात. तुला डोळा आधी दिसला, म्हणून तू डोळ्याचे म्हणालीस."

माझ्या क्षेत्रात जी चूक वर्षानुवर्षं होत आली आहे, ती अण्णांनी पुठ्ठ्यांची माळ पुसता पुसता सांगून टाकली. 'अमक्या रोगाचं जनुक सापडलं' अशी बातमी वाचली की मला आता ते पान आठवतं.

(प्रयोगशाळा. पिंजऱ्यांची रांग, मंद उजेड.)

उंदराच्या प्रत्येक पेशीत वीस हजारांहून जास्त जनुकं असतात. त्याचा जनुकसंच २००२ साली बहुतांशी वाचून झाला, आणि त्यातल्या बहुतेक जनुकांचा जोडीदार माणसात आहे हे समजलं. पण अक्षरं वाचता आली म्हणजे अर्थ लागला असं नाही. अण्णांकडे मोराचं चित्र आधीपासून आलेखाच्या कागदावर चौकटी-चौकटीत काढलेलं असतं. उंदराचा असा कागद कुणाकडेच नाही. मग एकच वाट उरते. एक दोरी सोडायची, म्हणजे एक जनुक बंद पाडायचं, आणि विणू द्यायचं.

ही दोरी सोडायला ज्यांनी शिकवलं, त्यांतले एक मारिओ कापेकी. जन्म १९३७ सालचा, इटलीतल्या व्हेरोनाचा. महायुद्धात बालपणाची वाताहत झालेला हा मुलगा १९४६ साली आईबरोबर अमेरिकेला गेला. १९८० साली त्यांनी सरकारी निधीसाठी अर्ज केला. सस्तन प्राण्याच्या पेशीत हवं तेच जनुक गाठून बदलायचं, अशी त्यांची कल्पना होती. तज्ज्ञांनी अर्जातले दुसरे प्रकल्प मान्य केले आणि हा सोडून द्या म्हणून कळवलं. मिळालेला बहुतेक पैसा कापेकींनी त्याच नाकारलेल्या प्रकल्पात घातला. चार वर्षांनी ते पुन्हा अर्ज घेऊन गेले, तेव्हा आमचा सल्ला तुम्ही ऐकला नाहीत ते बरं झालं, असं त्याच तज्ज्ञांनी लिहून दिलं. निधीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगत असते.

काम होतं मात्र जिकिरीचं. पेशीत सोडलेला डीएनए बहुतेक वेळा भलत्याच जागी जाऊन बसतो. नेमक्या जागी बसलेली पेशी हजारांत एखादी. कापेकींनी चाळणी अशी लावली, की ज्या पेशींत डीएनए शिरलाच नाही त्या एका औषधानं मरतील, आणि भलत्या जागी शिरला त्यातल्या बहुतेक दुसऱ्या औषधानं. उरलेल्यांतून हवी ती पेशी वेचायची. मार्टिन इव्हान्स यांनी १९८१ साली उंदराच्या भ्रूणापासून मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा पेशी, वाढवून दाखवल्या होत्या. बदललेली मूलपेशी दुसऱ्या भ्रूणात सोडली की तिच्यापासून अख्खं पिल्लू घडायला हातभार लागतो. ऑलिव्हर स्मिथीज स्वतंत्रपणे याच वाटेनं चालले होते. तिघांना २००७ साली नोबेल मिळालं.

(पिल्लू तळहातावर.)

हे पिल्लू पाहा. काळ्या जातीच्या भ्रूणात भुऱ्या जातीची मूलपेशी सोडली होती. दहा दिवसांत लव आली आणि अंगावर दोन्ही रंगांचे पट्टे उमटले. काळं आईबापांकडून आलेलं, भुरं आमच्या हातून गेलेलं. पहिल्यांदा असं पिल्लू हातात घेतलं तेव्हा माझे हात थरथरत होते. वीस-पंचवीस दिवसांची वाट पाहणं त्या चार पट्ट्यांवर तोललेलं असतं.

पुढच्या दोन पिढ्यांत मेंडेलचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, हिशेब लागतो. चारातलं एक पिल्लू असं असायला हवं, ज्यात बंद पाडलेल्या जनुकाची आईकडची किंवा बापाकडची एकही चालती प्रत नाही. कानाचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, त्याचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टे पाहायचे. एकदा मी सत्तर पिल्लं तपासली आणि तसं एकही निघालं नाही. रात्री अकराला जेलसमोर बसून पुन्हा पुन्हा मोजलं. नमुने चुकले नव्हते. ती पिल्लं जन्मालाच येत नव्हती. ती जागा रिकामी राहिली, हेच उत्तर होतं. ते जनुक नसेल तर गर्भच टिकत नाही. उंदराच्या जवळपास एक तृतीयांश जनुकांचं असंच आहे.

हे जीव आहेत, याचा विसर पडू देता येत नाही. नीतिसमितीच्या परवानगीशिवाय एकही पिंजरा हलत नाही, आणि किती उंदीर लागतील, कमीत काम का भागणार नाही, हे लेखी द्यावं लागतं. मला तो कागद कधी जाच वाटला नाही.

(चित्रफीत: तोल जाणारा उंदीर.)

आता अण्णांच्या पानाच्या शेंड्याकडे येऊ. १९८२ साली उंदरांच्या स्तनातल्या गाठींमध्ये एक जनुक सापडलं, इंट-१. साहजिकच ते कर्करोगाचं जनुक ठरलं. पुढे कळलं, की फळमाशीत ज्याच्या बिघाडानं पंख येत नाहीत, ते हेच. दोन्ही नावं जोडून विंट-१ झालं. १९९० साली कापेकी आणि त्यांचे सहकारी कर्क थॉमस यांनी ते उंदरातून काढून टाकलं. बहुतेक पिल्लं जन्मल्यावर लगेच गेली. त्यांच्या मेंदूचा मधला भाग आणि तोल सांभाळणारं अनुमस्तिष्क नीट घडलेच नव्हते. जी थोडी जगली, त्यांना चालताना तोल सावरेना. म्हणजे गाठीत सापडलेलं, माशीच्या पंखावरून बारसं झालेलं जनुक मेंदू उभारत होतं. नाव डोळ्याचं, काम पानाचं.

आणखी एक कोडं होतं. विंट-१ पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतही चालू असतं. पण ते काढलं तरी मज्जारज्जू ठीकठाक! मग तिथं ते बिनकामाचं होतं का? १९९७ साली त्याचं भावंड विंट-३ए हेही सोबत काढलं, तेव्हा तिथलीही वाढ खुंटली. एक नसताना दुसरं भार उचलत होतं. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी चादरीचं दोन पदरी सूत चिमटीत धरून एक पदर तोडला आणि ताणून दाखवलं. धागा तुटला नाही.

कापडात खोट दिसली नाही म्हणून दोरी रिकामी होती असं होत नाही, आणि खोट दिसली ती दोरीची सगळी कामगिरी नसते. हे सगळ्यात जास्त वेळा विसरतं कोण, तर आम्हीच.

(अण्णा पुन्हा मागावर चढतात.)

म्हणून खरी परीक्षा उलटी असते. काढलेलं परत द्यायचं आणि खोट भरून येते का पाहायचं. १९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत अतोनात लठ्ठ उंदीर जन्मले. त्यांचं बिघडलेलं जनुक १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं शोधलं. अंगात चरबी पुरेशी साठल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन हे संप्रेरक त्या उंदरांत बनतच नव्हतं. ते टोचल्यावर उंदीर बारीक झाले. मग हाच बिघाड असलेली नऊ वर्षांची एक मुलगी इंग्लंडमधल्या डॉक्टरांकडे आली, वजन ९४ किलो. तिला लेप्टिन दिलं आणि वर्षभरात सोळा किलो उतरले. सगळ्या लठ्ठ माणसांना हे लागू पडत नाही, कारण बहुतेकांच्या अंगात लेप्टिन भरपूर असतं. त्या मुलीची मात्र नेमकी तीच दोरी सुटलेली होती.

अण्णांनी चारही दोऱ्या बांधल्या, गाठी दातानं ओढून घट्ट केल्या. माग सुरू झाला. पाय आले, मान आली. आम्ही दोघं वाकून बघत होतो.

"आला," अण्णा म्हणाले आणि पहिल्या मोराच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सहावा पाहून झाल्यावर त्यांनी कात्री मागितली. आंधळ्या मोरांचा तो पट्टा त्यांनी कापून मला दिला, प्रयोगशाळेत न्यायला.