आधी एक पान मोठ्यानं

(पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आमच्या वाचनालयाच्या बालविभागात पालक येतात आणि पहिला प्रश्न वयाचा विचारतात. ‘सहा वर्षांच्या मुलीसाठी कुठलं पुस्तक नेऊ?’ मी एखादं पुस्तक त्यांच्या हातात देते आणि म्हणते, मधलं कुठलंही पान उघडा आणि इथंच मोठ्यानं वाचा. लोक संकोचतात, इकडेतिकडे बघतात. पण चार ओळी झाल्या की त्यांचं त्यांनाच कळतं. जीभ अडखळली, वाक्य संपायच्या आधी श्वास संपला, तर ते पुस्तक आज रात्री शेजारी झोपून वाचायचं नाही. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. मूल मोठं झाल्यावर एकटं वाचेल.

आपल्याकडच्या जुन्या गोष्टी तोंडातच घडल्या, म्हणून त्या तोंडात बसतात. म्हातारी आणि भोपळा आठवा. वाटेत जनावर भेटतं, म्हातारी म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. पुढचं जनावर भेटतं, पुन्हा तेच. तीन वर्षांचं मूल दुसऱ्या वेळेला ते वाक्य तुमच्या आधी म्हणतं. आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ आलं की ते अंथरुणात बसलेलं राहतच नाही. छापील पुस्तक निवडताना मी हेच शोधते : यात मुलाला उचलता येईल अशी एखादी ओळ आहे का? त्याच्या वाट्याला काही बोलणं येतं का?

चित्रांचं पुस्तक असेल तर पान उलटण्याकडेही लक्ष द्या. ‘दाराआड कोण होतं?’ हा प्रश्न आणि दाराआडच्या मांजराचं चित्र समोरासमोरच्या पानांवर असेल, तर मुलाला प्रश्न ऐकायची गरजच उरत नाही, उत्तर त्यानं आधीच बघितलेलं असतं. मांजर पान उलटल्यावर भेटलं पाहिजे. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात. त्यांच्या पुस्तकांत घरातलं साधं बोलणं आणि चित्र हातात हात घालून चालतात. मोठ्यानं वाचून बघा, कुठं कृत्रिम वाटत नाही.

आता मराठीतली आपली एक खास अडचण. पुस्तकात छापलेलं असतं, ‘ते पिल्लू घाबरले आणि झाडावर चढले.’ घरात असं कुणी बोलत नाही. मग खुशाल ‘घाबरलं’, ‘चढलं’ वाचा. एका आजोबांनी मला विचारलं होतं, आमच्या घरात मालवणी बोलतात, मी मधेमधे मालवणीत सांगितलं तर पोराची भाषा बिघडेल का? मी त्यांना म्हटलं, बिघडणार नाही, त्याच्याकडे दोन भाषा होतील. पण प्रत्येकच वाक्य असं बदलावं लागत असेल, तर पुस्तक परत ठेवा. भाषांतरित पुस्तकांनाही हीच कसोटी लावा.

ज्या आईवडिलांचा स्वतःचाच मराठी वाचायचा सराव सुटलाय, त्यांना मी कवितांपासून सुरुवात करायला सांगते. विंदा करंदीकरांच्या बालकविता घ्या. ताल इतका पक्का आहे की तो वाचणाऱ्यालाही हात धरून पुढं नेतो. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय. त्यातल्या लहान गोष्टी एका बैठकीत संपतात. नोकरीवरून दमून आलेल्या माणसाला तेही महत्त्वाचं असतं.

आणि वयाचं म्हणाल तर ऐकायचं वय वाचायच्या वयाच्या बरंच पुढं असतं. अक्षराला अक्षर जोडून वाचणारी सात वर्षांची मुलगी कानांनी मोठी कादंबरी समजू शकते. तिला वाचता येतात तेवढीच पुस्तकं वाचून दाखवलीत, तर तिची भूक भागत नाही.

‘श्यामची आई’बद्दल जरा सविस्तर बोलते, कारण त्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. यातली प्रकरणं म्हणजे ‘रात्री’ आहेत, एकूण ४२. आश्रमात प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळातच ऐकणारे समोर बसलेत असं धरून रचलंय. रोज एक रात्र, एवढंच वाचावं. मधलीही एखादी निवडून वाचता येते.

त्यात एक प्रसंग आहे. आंघोळ झालेला श्याम आईला म्हणतो, माझे तळवे ओले आहेत, त्यांना माती लागेल, तुझे ओचे धोंड्यावर पसर. आणि आई पसरते. मी हे वाचत होते, तेव्हा समोर पंधरा मुलं होती. एकालाही ‘ओचे’, म्हणजे नऊवारीचा पुढे खोचलेला भाग, माहीत नव्हते, नऊवारी घरात कुणी नेसतच नाही. मी थांबून अर्थ सांगितला नाही. गोष्ट संपल्यावर माझी ओढणी फरशीवर पसरली आणि एकेकाला तिच्यावरून चालायला सांगितलं. पहिला मुलगा पाऊल उचलेचना. म्हणाला, ‘ताई, ती मळेल ना.’

पुस्तकातल्या शेवटच्या काही ‘रात्री’ मात्र आधी स्वतः वाचून ठेवा. आई जाते तिथं माझा आवाज अजूनही भरून येतो. आईवडिलांपैकी कुणाला नुकतंच गमावलेलं मूल घरात असेल, तर तिथं घाई करू नका, तुम्ही त्याला ओळखता. बाकी मुलांसमोर आवाज भरून आला तर येऊ द्या.

तात्पर्याची ओळ शेवटी छापलेली असेल तर ती वाचू नका. पुस्तक मिटा आणि गप्प बसा. पुढचं काय ते मूलच बोलतं.

दहा पानांनंतर मूल कंटाळलं तर पुस्तक बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा काढा. आणि तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं, तर विसाव्यांदा वाचा. म्हणूनच म्हणते, तुम्हालाही मनापासून आवडेल तेच न्या.

मागच्या टेबलावर पुस्तकं मांडली आहेत. आता सगळ्यांनी तिथं जा, एकेक उचला आणि एक पान मोठ्यानं वाचा. गलका होईल, होऊ दे. वाचनालयात आज एक तास शांतता पाळायची नाही, हे मी आधीच विचारून ठेवलंय.