पिंजरा धुवायच्या साबणाची गोष्ट

नमस्कार, मायबहिणींनो आणि वावरातल्या भावांनो.

पराटीवर फवारणी सुरू आहे, म्हणून रसायन वरून न दिसता गर्भाला कसं बाधू शकतं, हे दाखवणारी एका पिंजऱ्याची गोष्ट आज सांगतो. 1998 साल. अमेरिकेत क्लीव्हलँडला पॅट्रिशिया हंट नावाच्या संशोधक बाई उंदराच्या मादीची बीजांडं तपासत होत्या. बीजांड पिकताना त्यातली गुणसूत्रं, म्हणजे आईबापाचे गुण वाहणारे धागे, मधोमध एका ओळीत लागावी लागतात. शंभरात एखाद-दोन बीजांडांत ती ओळ बिघडते, ते नेहमीचंच. पण त्या वर्षी अचानक शंभरात 40 बिघडायला लागली!

उंदीर तेच, काम तेच. मग चुकलं कुठं? शोधता शोधता नजर प्लास्टिकच्या पिंजऱ्यांवर गेली. पिंजरे धुरकटलेले, पाण्याच्या बाटल्या गळत होत्या. बदलीवर आलेल्या कामगारानं ते फरशीच्या कडक साबणानं धुतले होते. त्यानं प्लास्टिक खाल्लं आणि आतलं बिस्फेनॉल-ए, म्हणजे ते प्लास्टिक बनवायचं रसायन, पाझरलं. बाईंनी मग मुद्दाम तसेच पिंजरे खराब केले, बिस्फेनॉल मोजून पाजलं. ओळ पुन्हा बिघडली. 2003 साली हे छापून आलं. माद्या वरून धडधाकट होत्या. पुन्हा सांगतो, वरून धडधाकट.

असं बीज फळलं तरी गर्भ बहुधा टिकत नाही. प्रयोगशाळेत गाभण मादीच्या बीजकोशावरचे पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर तिथं उरणाऱ्या पिवळ्या गाठी, मोजतात. जितके पीतपिंड, तितकी बीजं सुटलेली. मग गर्भाशयात रुजलेल्या जागा मोजतात. पीतपिंड 12 आणि जागा 9, तर 3 रुजण्याआधीच गेले. मोठ्या उंदरात गर्भ पाचव्या-सहाव्या दिवशी रुजतो. बाईच्या पोटात साधारण सहा ते दहा दिवसांत, म्हणजे पाळी चुकायच्याही आधी. तिला पत्ताच नसतो.

आता फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो रंग फक्त एका दमात किती औषध जीव घेतं, ते सांगतो. गर्भाचं तो सांगत नाही. हिरवा म्हणजे गर्भाला निर्धोक, असं नाही. आणि डब्यासोबतच्या पत्रकावरची अक्षरं! मुंगीएवढी. कंपन्यांनी ती मराठीत, ठळक छापलीच पाहिजेत, आमचं हे ठाम मत आहे.

म्हणून मूल होऊ शकणाऱ्या बाईनं पंप भरू नये, औषध कालवू नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत. ते कपडे फवारणाऱ्यानंच, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. रिकाम्या डबकीत पाव भाग पाणी घ्या, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. मग डबकीला खिळ्यानं भोकं पाडा. भोक पडलेल्या डबकीत कोणी प्यायचं पाणी भरत नाही.