सॉर्टेड सीमेन: कालवड हवी, पण कांडी कुठल्या गाईला भरायची?

नमस्कार मंडळी! एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, दुधाळ विदेशी जात) गाय व्याली आणि गोऱ्हा झाला की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. शेतात ट्रॅक्टर आलाय, 2015 पासून आपल्याकडे गोवंश हत्याबंदी, म्हणजे गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही आणि पोसायचं तर खर्च. काही गोठ्यांत त्याला दूधच पाजत नाहीत, उपाशी मरतो तो, मला नाही बघवत ते. म्हणून सॉर्टेड सीमेन, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडून वेगळं काढलेलं वळूचं रेत, हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी एक क्लिअर करतो, गोऱ्हा झाला तर दोष गाईचा नाही. गाईकडून कायम एक्स गुणसूत्रच येतं, वळूच्या रेतात एक्स आणि वाय साधारण निम्मे-निम्मे, एक्सवाला शुक्राणू लागला तर कालवड, वायवाला लागला तर गोऱ्हा. दोघं दिसायला सारखेच, फक्त एक्सवाल्यात डीएनए जास्त, तोही जेमतेम 3.8 टक्के, आणि एवढ्याशा फरकावर सगळं मशीन चालतं बघा! रेतात एक रंग मिसळतात, तो डीएनएला चिकटतो, मग एकेक शुक्राणू लेझरसमोरून जातो, एक्सवाला थोडा जास्त चमकतो, मशीन त्याच्या थेंबाला विजेचा चार्ज देतं आणि तो थेंब बाजूला ओढला जातो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांच्या टीमने हे जमवलं, 1989 मध्ये अशा रेतापासून सशाची पिल्लं झाली. शुक्राणूचं डोकं चपटं असतं, लेझरसमोर ते वाकडं आलं की चमक नीट मोजता येत नाही आणि तो शुक्राणू बाद, त्यामुळे वाया खूप जातं.

मग साध्या कांडीत (गाईला भरायची रेताची बारीक नळी) 2 कोटी शुक्राणू तर सॉर्टेड कांडीत 20 लाखांच्या आसपास, आणि तेही रंग, लेझर, प्रेशर सगळं सोसून आलेले, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाण कमीच राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत, सारखी उलटणारी, म्हणजे भरूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी गाय असेल तर ही कांडी भरूच नका. पहिल्या वेतासाठी तब्येतीने चांगली कालवड निवडा, माज स्पष्ट हवा, सोट (माजावर असताना येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ हवा, आणि भरायला डॉक्टर हात बसलेला हवा. आणि हो, शंभर टक्के गॅरंटी कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका, 90 टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात, बाकी गोऱ्हे.

किंमत आधी फार होती. 5 ऑक्टोबर 2024 ला आपल्या वाशिममध्येच पंतप्रधानांनी देशी बनावटीचं सॉर्टिंग तंत्रज्ञान लाँच केलं, त्याने डोसमागे साधारण 200 रुपये वाचतील असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. तुमच्या जनावरांच्या दवाखान्यात या कांड्या अनुदानावर मिळतात का ते विचारा.

कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो, तो वहीत लिहून घ्या आणि त्याच्या आईचं दूध किती ते विचारा, कारण नुसती कालवड होऊन काय उपयोग, दूध पण पाहिजे ना. आणि जिला भरताय तिचा बाप तोच वळू निघाला तर ती कांडी सरळ परत करा, दुसऱ्या वळूची मागा.