वकिलाविना कौटुंबिक न्यायालयात

बऱ्याच जणांना वाटतं, वकील नसेल तर कोर्ट आपल्याला उभंच करणार नाही. कौटुंबिक न्यायालयात गोष्ट उलटी आहे. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ सांगतं की इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. परवानगी लागते ती आम्हा वकिलांना, तुम्हाला नाही. घरातली भांडणं साध्या दिवाणी दाव्यासारखी चालवू नयेत, असं विधी आयोगाने १९७४ साली आपल्या ५९व्या अहवालात म्हटलं होतं; हा कायदा त्याच विचारातून आला. प्रत्यक्षात काय होतं? परवानगीचा अर्ज जातो, सहसा मंजूर होतो, आणि व्हरांडा काळ्या कोटांनी भरतो. मी त्यातलीच एक, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू!

तरीही ज्यांना स्वतः उभं राहायचं आहे, त्यांनी एक ध्यानात घ्या. दहा वर्षांचं साचलेलं मनात घेऊन माणूस पुकारा झाल्यावर पुढे जातो आणि न्यायाधीश विचारतात, "आज काय आहे?" तिथे लग्नापासूनची कहाणी सुरू केली की पुढची तारीख पडली म्हणून समजा. आज कैफियत, म्हणजे समोरच्याचं लेखी उत्तर, यायची आहे, की अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीवर युक्तिवाद आहे, की समन्स बजावून आलं का ते बघायचं आहे, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. त्यासाठी एक वही करा. तारीख, त्या दिवशी काय झालं, पुढची तारीख कशासाठी, एवढंच लिहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक, म्हणजे तुमच्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की हे ताडूनही बघता येतं. आणि कोर्टात दिलेल्या प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर पोच घ्या.

आता पैशांचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण एकट्याने लढणाऱ्यांचे बरेचसे अर्ज इथेच लंगडे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२०ला रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितलं की पोटगीच्या अर्जात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. शपथपत्राचा नमुना निकालालाच जोडलेला आहे. तो लांबलचक आहे, कंटाळा येतो, पण रकाने रिकामे सोडू नका. शिकवणीचे चार पैसे मिळत असतील तर लिहा. लपवलेले चार हजार समोरच्याने बाहेर काढले की तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. उलट बाजूने "नोकरी सुटली" असं उत्तर आलं, तर चिडून उपयोग नाही. बँकेचे उतारे, फॉर्म १६ (नोकरीच्या ठिकाणी मिळणारा पगार आणि कराचा दाखला), भविष्य निर्वाह निधीचा उतारा हजर करण्याचा हुकूम व्हावा, असा साधा अर्ज द्या. जिल्ह्याच्या कोर्टात मराठीत लिहिलेला चालतो. भाषा सरळ ठेवा. आमची 'सबब, विनंती की' छाप मराठी तुम्ही लिहायलाच हवी असं नाही.

समुपदेशकाकडे पाठवलं की काहींना तो अपमान वाटतो. वाटू देऊ नका. कलम ९नुसार समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे, आणि समुपदेशकासमोरचं बोलणं गोपनीय असतं. मोकळेपणाने बोला. सही करताना मात्र हात आखडता घ्या. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर या कायद्याच्या कलम १९प्रमाणे अपील नाही. मुलाच्या भेटीचे वार, सुट्टीतले दिवस, शाळेची फी कोणी भरायची, दागिने कधी परत मिळणार, हे तडजोडीत लिहिलेलं नसेल तर ते ठरलेलं नाही. मसुदा घरी न्या, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा वाचा. "आत्ताच करून टाकू" असं जो म्हणेल त्याच्यापासून जपून, मग तो तुमचा सख्खा मामा का असेना.

पुराव्याचे नियम इथे सैल आहेत. वाद मिटवायला मदत होईल असा कागद किंवा जबाब न्यायालय एरवीच्या काटेकोरपणाशिवाय घेऊ शकतं. कलम १४ त्यासाठीच आहे. पण म्हणून मोबाइलमधले सगळे मेसेज छापून गठ्ठा ठेवू नका. दहा निवडा, तारखेने लावा.

अवघड असतो तो उलटतपास. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्यालाच तुम्ही प्रश्न विचारायचे! लोक तिथे प्रश्न विचारत नाहीत, भांडतात. आणि नोंद होते ती फक्त उत्तराची. लहान प्रश्न लिहून न्या, ज्यांचं उत्तर तुमच्याजवळच्या कागदात आहे असे. "तू असं का वागलास?" हा प्रश्न कितीही खरा असला तरी तिथे विचारू नका, कारण तो उत्तरात पाहिजे ते बोलेल.

माझं मत स्पष्ट आहे. परस्पर संमतीचा घटस्फोट किंवा सरळ पोटगी असेल तर खुशाल स्वतः उभे राहा. मुलाच्या ताब्याचा वाद असेल, मारहाण झाली असेल, समोरच्याला बघूनच थरकाप होत असेल, तर नको. वकील परवडत नाही हे कारण बायकांना तर लागूच नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण विचारून तरी बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं.

आणि पोटगीचा हुकूम हातात पडला म्हणजे पैसे आले असं नाही. वसुलीचा अर्ज वेगळा करावा लागतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४; त्याखाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट काढायचं तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज लागतो. "दिवाळीनंतर देतो" असं म्हणत दोन वर्षं काढणारे बरेच असतात, आणि ते वर्ष त्यांना ठाऊक असतं. म्हणून तीन-चार महिने थकले की वहीतला हिशेब काढा आणि अर्ज देऊन टाका.