केस एकच, फ्रेंच शब्द दोन

नमस्कार मंडळी, आज केसांवर बोलायचंय, पण तेलबिल, कोंडा असलं काही नाही हां, नुसत्या शब्दांवर.

इंग्रजीत सगळं हेअर. डोक्यावरचा हेअर, हातावरचा हेअर, सोफ्याला चिकटलेला मांजराचा तोही हेअरच. फ्रेंच माणसाला हे चालत नाही. त्याच्याकडे डोक्यावरचा केस म्हणजे शव्हो आणि अंगावरचा किंवा जनावराचा म्हणजे प्वाल. परत सांगते, डोक्यावर शव्हो, अंगावर प्वाल. गोंधळ केलात तर पंचाईत, कारण 'आ प्वाल' म्हणजे चक्क नागडं! आणि हे असलं काही क्लासमधे सांगतच नाहीत, महिनाभर नुसते क्रियापदांचे तक्ते घोकायला लावतात, मला तर वाटतं शिव्या आणि म्हणी पहिल्याच आठवड्यात शिकवाव्यात, असो.

तर या प्वालवरनं आलाय प्वालू, म्हणजे केसाळ. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच शिपायाला लोक प्वालू म्हणायचे. खंदकात दाढी करायला मिळायची नाही म्हणून, असं सांगतात, पण रांगडा, धीट गडी या अर्थाने हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

आणि शेवटचा प्वालू कोण माहितीये? लाझार पोन्तिचेली. जन्माने इटालियन! पोटासाठी लहानपणीच पॅरिसला आलेला पोरगा, 1914 ला युद्ध पेटलं तेव्हा वय फक्त 16, तरी खोटं वय सांगून फॉरेन लीजनमधे, म्हणजे परदेशी लोकांच्या फ्रेंच पलटणीत, भरती झाला. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि याला मनाविरुद्ध इटालियन सैन्यात पाठवलं. फ्रेंच नागरिकत्व मिळालं ते थेट 1939 मधे. पुढे सरकारने जाहीर केलं, शेवटच्या प्वालूला सरकारी इतमामात निरोप देणार. पोन्तिचेली म्हणाले, नको! माझ्यासोबतचे इतके मेले, त्यांना कुणी विचारलं नाही आणि माझा कसला थाट करता, हा त्यांचा अपमान आहे. शेवटी साधा समारंभ, तोही सगळ्या मेलेल्यांच्या नावाने, एवढंच कबूल केलं. मार्च 2008 मधे गेले, वय 110.

जाता जाता अजून एक, फ्रेंचमधे आळशी माणसाच्या तळहातात प्वाल उगवलाय म्हणतात. हात कामाला लागलाच नाही तर तो झिजणार कसा! आमच्या स्टुडिओत असे दोघं आहेत, नावं नाही घेत, ऐकतायत. चला, गाणं लावते.